अर्धा पाय

टोचन लावून आणली तिला
सिमेंटच्या टेम्पोमागे, भोकरदन नाक्यावरून मोंढ्यापर्यंत.
लाल. दोन दारांची. पोट जमिनीला टेकलेलं.
प्रत्येक गतिरोधकावर टेम्पोवाला खाली उतरून
वाकून बघायचा, आणि शिवी कुणाला द्यावी
ते न सुचून पुन्हा चढायचा.

पवन झंवर म्हणाला, इंजिन बोंबलतंय,
गाडी उचलत नाही.
मी बॉनेट उघडलं नाही.
खाली वाकलो, नाक लावलं:
तव्यावर विसरलेली भाकर
आणि वर रॉकेलचा शिंतोडा.
"क्लचप्लेट गेली."
"शक्यच नाही. मी पाय ठेवून चालवत नाही."
असं सगळेच म्हणतात.
शाळेच्या व्हॅनवाला म्हणतो, बँडवाल्यांचा ड्रायव्हर म्हणतो.

प्लेट परदेशातून यायला तेवीस दिवस लागले.
कुरियरच्या पोराला फोनवर सांगितलं,
मोंढ्याच्या मागं ये, जिनिंगची भिंत लागंल,
तिच्यापुढं हातपंप, तिथं कुणालाही विचार.
हातपंपाशी कुणीच नव्हतं, म्हणून तो परत गेला.
चोविसाव्या दिवशी आली.

मग उघडली.
शाफ्ट, सायलेन्सर, वायरींचे झुबके,
गिअर ऑइल काकवीसारखं, सावकाश.
बोल्ट निघाले सगळे, एक सोडून.
सगळ्यात वरचा, जिथं डोळा पोचत नाही
आणि माझा हात तर मुळीच नाही.
इलियासला आत घातलं,
सतरा वर्षांचा, मनगट छडीएवढं.
"सापडला का रे?"
"थांबा ना उस्ताद. बोलू नका लै."
वर पत्रा तडतडत होता.
बऱ्याच वेळानं कट् असं झालं
आणि गाडीखालून आधी पाना बाहेर आला, मग तो.

जॅक एकच, तोही ट्रॅक्टरचा.
गिअरबॉक्स सरकीच्या पोत्यावर उतरवला.

प्लेट हातात घेतली.
रिव्हिटा उघड्या, अस्तर नखाएवढंही उरलं नव्हतं.
आणि फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग,
एकाशेजारी एक.
असे डाग चढावर पडतात.
पुढं जायचं नाही, मागं सरकायचं नाही,
अर्ध्या पायावर गाडी नुसती तोलून धरायची.

मी पवनला बोलावलं, दाखवलं.
तो बराच वेळ बघत राहिला
एखादा आपलाच एक्स-रे बघतो तसा.
"रात्री जातो मी," म्हणाला,
"उड्डाणपुलाच्या चढावर. थांबतो."
"किती वेळ?"
"आमच्या मिलची दुसरी पाळी सुटेपर्यंत."
"हँडब्रेक आहे की गाडीला."
"आहे."
पुढं मी विचारलं नाही.
त्यानंही खिशातून मोबाइल काढला
आणि तो वाजत नसताना कानाला लावला.

प्लेट मधोमध बसवायचं हत्यार
आमच्या गावात कुणाकडं असणार?
दत्तोबा पांचाळानं बाभळीचा दांडा कातून दिला,
वहाणा काढून, लेथपुढं मांडी घालून.
तीनदा परत पाठवला मी. चौथ्यांदा
दांडा आत गेला तो असा, की इलियास म्हणाला, "अरे वा,"
आणि लाजला.

संध्याकाळी मीच बाहेर काढली. घाणेवाडीच्या रस्त्यानं.
पेडल वरच्या वर धरत होतं, नवं, थोडं उतावीळ.
गतिरोधक तिरपा घेतला.
म्हशी आडव्या आल्या, थांबलो, पूर्ण दाबून,
न्यूट्रल करून, पाय खाली.
शेवटची म्हैस उभीच राहिली रस्त्यात,
तिला लाल रंगाचं काहीच वाटलं नाही.
मग पहिला गिअर, आणि हळूहळू सोडत गेलो
जोवर गाडीनंच मला ओढलं.

जुनी प्लेट पवननं नेली नाही.
विचारलं तर म्हणाला, "राहू द्या इथंच."
खिळ्याला लावली, व्हॅनच्या प्लेटशेजारी.

रात्री कुलूप घातलं, लुना काढली.
तिला क्लचच नाही.
तरी रेल्वे फाटकापाशी
माझा डावा पाय दाबत होता, रिकाम्या हवेत,
काहीतरी.